मिडियमचं पोट

कारखान्यात तिला सगळे मिडियम म्हणत. पगाराच्या दिवशी खिडकीतून तिचं खरं नाव पुकारलं गेलं की रांगेतल्या बायका मागं वळून बघायच्या, ही कोण नवीन आली म्हणून. कधीकधी तर तीसुद्धा वळून बघायची.

कारखाना बायकांच्या आतल्या कपड्यांचा. वरच्या मजल्यावर कटिंग, मधल्या मजल्यावर शिलाई मशीनच्या लांबच लांब रांगा, खाली पॅकिंग. पण या सगळ्याच्या आधी, नवीन डिझाइन आलं की त्याचा एकच नग शिवला जायचा, मिडियम साइझचा, आणि तो हिच्या अंगावर चढायचा. हिला नीट बसला तर त्याच्यावरून लहान-मोठ्या साइझी कागदावर काढायच्या. नाही बसला तर उसवायचा. वरच्या मजल्यावर सॅम्पलच्या खोलीत पडद्याआड फळ्यांचा एक बुटका ओटा होता, त्याच्यावर ती उभी राहायची. समोर मास्तरीणबाई, गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. त्यांचं बोलणं टाचण्यांच्या फटीतून यायचं, म्हणून ते फार तुटक असायचं. ‘वळ.’ ‘वाक.’ ‘बस.’ ‘हात वर.’ नवख्या माणसाला वाटावं, बाई चिडलीय. बाई चिडलेली नसायची, तोंडात टाचण्या असायच्या एवढंच.

आता कोणी म्हणेल, नुसतं उभं राहायचं, त्यात काय मोठंसं? शिलाईच्या बायका म्हणायच्याच. ‘आम्ही बोटांची चाळण करून घेतो, आणि ही महाराणी खांबासारखी उभी राहून पगार घेते.’ म्हणू देत. कुठं काचतंय ते खांबाला कळत नाही, हिला कळायचं. नवीन नग घालून ती दोनदा उठबस करायची, वरच्या फळीवरून काही काढल्यासारखा हात उंच करायची आणि सांगायची, ‘डावीकडचं इलॅस्टिक बसल्यावर वर चढतंय. मागची शिवण हाडावर येतेय. इथं घाम साठेल.’ मास्तरीणबाई निमूटपणे टाचण्या हलवायच्या. मालकाचं न ऐकणारी बाई, पण हिच्या कातडीचं ऐकायची. लग्नाआधीपासून ती त्या ओट्यावर उभी होती आणि तिची मापं सुतभरही हलली नव्हती. याचा तिला गर्व होता. का नसावा? कोणाला आपल्या आवाजाचा असतो, कोणाला अक्षराचा. हिला कमरेचा होता.

मग तिला दिवस गेले. नवऱ्याच्या खालोखाल ही बातमी तिनं मास्तरीणबाईंना सांगितली. मास्तरीणबाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून मनगटावरच्या छोट्या उशीत खोचल्या, आणि तेवढ्यानंच ती सावध झाली, कारण टाचण्या काढून त्या कोणाशी बोलत नसत. ‘माप किती दिवस राहील?’ त्यांनी विचारलं. अभिनंदन काय ते तेवढंच झालं.

माप राहिलं तोवर ती उभी राहिली. नंतर तिच्या जागी कोणाला घ्यायचं हा प्रश्न आला, तेव्हा तिनं स्वतःच धाकट्या जावेचं नाव सुचवलं. धाकटी जाऊ खाली पॅकिंगला होती. तिलाही हिनंच कारखान्यात चिकटवलं होतं. अंगानं जवळपास हिच्याइतकीच, मागून जरा भरलेली. मास्तरीणबाईंनी टेप लावून नाक मुरडलं आणि म्हणाल्या, ‘चालवून घेऊ. तू येईपर्यंत.’

इथं जादूबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

मधल्या मजल्यावर पाण्याच्या टाकीशेजारी औषधांची पत्र्याची पेटी टांगलेली होती. तिच्यात कापूस होता, पट्ट्या होत्या, जखमेवर लावायचं औषध होतं, पण पेटी उघडली जायची ती एका पांढऱ्या ट्यूबसाठी. कापडाची बारीक लव दिवसभर हवेत उडते, मानेवर, कोपराच्या लवणीत, छातीखाली जाऊन बसते. वरून घाम, वरून कच्च्या रंगाचं कापड. अंग असं खाजतं की माणूस मशीन सोडून भिंतीला पाठ घासतो. ती ट्यूब लावली की खाज बसलीच म्हणून समजा. म्हणून तिचं नाव जादू. पुरळ उठलं, जादू. डास चावला, जादू. एकीच्या मुलीच्या गालावर मुरूम आले, तिलाही जादू. संपली की कोणीतरी औषधवाल्याकडून तसलीच दुसरी आणायची. तोही कधी चिठ्ठी मागायचा नाही. एकदा एक नवीन मुलगी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायला लागली, तर बाकीच्यांनी ‘डॉक्टर आल्या, डॉक्टर आल्या’ करून तिला पार रडकुंडीला आणलं.

सातव्या महिन्यात मिडियमचं पोट खाजायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, ‘बाळाच्या डोक्यावर केस येतायत, दुसरं काही नाही.’ केस बाळाला येत होते आणि झोप हिची उडाली होती. धाकटी जाऊ संध्याकाळी कामावरून आली ती पिशवीतून ट्यूब काढतच.

‘ताई, आडव्या व्हा बघू. असं खाजवत बसलात तर पोट फाटेल एखाद दिवशी.’

‘अगं, पोटावर चालते का ही?’

‘मानेवर चालते, छातीखाली चालते, मग पोटानं काय घोडं मारलंय?’

आणि तिनं स्वतःच्या हातानं सगळ्या पोटावर जादू चोळली. खाज थांबली. मिडियमला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून तो नेमच झाला. जाऊ यायची, हात धुवायची, हिच्या शेजारी बसून चोळायची आणि चोळता चोळता कारखान्यातल्या गमती सांगायची. सख्खी बहीण करणार नाही एवढं तिनं केलं, हे तेव्हाही खरं होतं आणि पुढं सगळं बिनसल्यावरही खरंच राहिलं. मिडियमची पुढची चीड याचीच होती.

मुलगी झाली. बाळंतपण सुखरूप पार पडलं. पोट उतरल्यावर एकदा आंघोळीला ती आरशासमोर उभी राहिली आणि उभीच राहिली. बेंबीपासून खाली जांघेपर्यंत आणि दोन्ही कुशींवर जांभळे वळ होते. बोटाएवढे रुंद, मध्ये चकचकीत आणि दबलेले. बोट फिरवलं तर खोलगट लागत होते. तिनं सासूबाईंना दाखवले. सासूबाईंनी चष्मा शोधला, वाकून पाहिलं, आणि चष्मा परत ठेवत म्हणाल्या, ‘होतात. आमचं पोट बघायला कोणाला वेळ होता?’

पण हिचं पोट बघायचं तर ठरलेलं होतं. ओट्यावर, दिव्याखाली, रोज. तिनं उपाय सुरू केले. तेल झालं, दुधाची साय झाली, शेजारणीनं सांगितलेला कोरफडीचा गर झाला, आणि या सगळ्याच्या वर जादू. जी पोटावरची खाज घालवते ती वळ घालवणार नाही होय? आधी संध्याकाळी एकदाच लावायची, आता आठवेल तेव्हा लावायला लागली. पोर पाळण्यात झोपली की टेप काढून कंबर मोजायची, व्यायाम करायची, परत मोजायची. माप हळूहळू जागेवर आलं. ज्या दिवशी टेप जुन्या खुणेवर येऊन थांबली त्या दिवशी तिनं नवऱ्याला टेप धरून दाखवली. तो म्हणाला, ‘वा, छान.’ आणि दिवा मालवला. आताशा तो दिवा लवकर मालवायचा. वळांबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

रजा संपवून ती कारखान्यात गेली तेव्हा मास्तरीणबाईंनी टेप लावली आणि टाचण्यांसकट हसल्या. ‘मिडियम!’ त्या म्हणाल्या. ‘सुटले बाई. तुझी जाऊ नुसती उभी राहते गं. काय टोचतंय विचारलं की म्हणते, छान आहे.’

मग तिनं पडद्याआड जाऊन नवीन नग चढवला, कमरेला उघडा असणारा, आणि ओट्यावर चढली. मास्तरीणबाई टाचणी घेऊन पुढं झाल्या आणि हात मध्येच थांबला. मग कामाला लागल्या. माप, शिवण, इलॅस्टिक सगळं पहिल्यासारखं झालं. पण ती रजेवर असताना एक नवी पद्धत सुरू झाली होती. आता प्रत्येक नगासोबत अंगावरचा फोटो माल घेणाऱ्या कंपनीला पाठवायचा, मानेपासून गुडघ्यापर्यंत. तोंड दिसत नाही, लाजायचं कारण नाही. फोटो गेला. उत्तर आलं ते मास्तरीणबाईंनी तिला वाचून दाखवलं नाही, नुसतं सांगितलं. नग पसंत आहे. फोटोसाठी दुसरं अंग घ्या.

‘दुसरं अंग,’ मिडियम म्हणाली.

‘मला काही वाटत नाही,’ मास्तरीणबाई म्हणाल्या. ‘मला माप हवं. पण ते पैसे देतात.’ मग टेप गळ्यात टाकत, ‘जातात का हे वळ? जातील तेव्हा ये. ओटा तुझाच आहे. तोवर धागे काप.’

धागे कापणं म्हणजे मधल्या मजल्याच्या कोपऱ्यात लांब टेबलाशी बसून तयार मालाचे लोंबते धागे छोट्या कात्रीनं छाटायचे. ज्यांना दुसरं काही देता येत नाही त्यांना ते काम देतात. म्हाताऱ्या, नजर अधू झालेल्या, मशीनवर बोट शिवून घेतलेल्या. त्यांच्यात ती जाऊन बसली, आणि धाकटी जाऊ वर ओट्यावर राहिली. सकाळी दोघी एकाच बसनं जायच्या, संध्याकाळी एकाच बसनं यायच्या. जाऊ बिचारी पहिले काही दिवस अवघडल्यासारखी बोलायची. ‘ताई, तुमचं बरं झालं की मी खाली जाणारच आहे हां.’ नंतर ते म्हणायची थांबली.

मिडियमच्या डोक्यात एकच गोष्ट होती. वळ गेले की ओटा परत. त्यामुळे जादूचा मारा वाढला. आणि वळ जायचे सोडून रुंद झाले. कातडी इतकी पातळ झाली की खालच्या निळ्या शिरा दिसायला लागल्या. एकदा पोरीचं नख लागलं तर रक्तच आलं. तेव्हा ती घाबरली आणि पोरीला कडेवर घेऊन कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाई थकलेल्या होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी वळांवरून अंगठा फिरवला, कातडी चिमटीत धरून पाहिली आणि विचारलं, ‘काय लावता?’

तिनं पिशवीतून ट्यूब काढून टेबलावर ठेवली.

‘हे कधीपासून?’

‘ही पोटात होती तेव्हापासून. आधी खाजेसाठी. आता वळ जावेत म्हणून.’

‘कोणी दिलं?’

‘कारखान्यात सगळ्याच लावतात.’

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. ही गोष्ट त्यांच्या बाजूनं मान्य करायला हवी, कारण बाहेर रांग दरवाज्यापर्यंत आली होती. ‘कातडीचा वरचा थर आपल्याला दिसतो. त्याच्याखाली दुसरा जाड थर असतो, ताण धरतो तो. त्यात धाग्यांसारखं असतं, ओढलं की लांबतं, सोडलं की परत येतं. गरोदरपणात शरीरातली हार्मोन्स बदलतात, ते धागे कमजोर होतात, आणि त्याच वेळी पोट भराभर वाढतं. मग ते आतल्या आत तुटतात. वरची कातडी शाबूत राहते. हे वळ म्हणजे आत तुटल्याच्या खुणा.’

‘इलॅस्टिकसारखं,’ मिडियम म्हणाली. ‘फार ताणलं की वरचं कापड तसंच राहतं, पण आतली रबराची तार तुटते. मग तिथं ते लहरी लहरी होतं. कितीही इस्त्री करा, बसत नाही.’

‘तसंच. म्हणून तेलाचा फारसा उपयोग नाही. वर मऊ लागेल, आत जाऊन तुटलेलं जोडणार नाही. बहुतेक बायकांना थोडेफार होतात. घराण्यातही असतं. तुमच्या आईला होते का?’

आईचं पोट तिनं कधी पाहिलंच नव्हतं. त्या पोटातून पाच भावंडं आली, पण ते वरून कसं दिसतं हे पाचांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं, आणि आता विचारायला आई उरली नव्हती.

‘आणि ही ट्यूब?’ तिनं विचारलं.

‘हिच्यात स्टेरॉइड आहे. खाज दाबतं, हे खरं. डॉक्टरनं बघून थोडे दिवस दिलं तर औषधच आहे. पण महिनोन् महिने चोळलं की कातडी पातळ होते आणि तेच आतले धागे आणखी कमजोर होतात. नुसतं हे मलम लावूनही असे वळ उठतात, पोट वाढलेलं नसतानाही. तुम्हाला थोडे आलेच असते. इतके रुंद कदाचित आले नसते.’

ते ‘कदाचित’ तिच्या कानात जाऊन बसलं ते बसलंच.

‘आता काय करायचं?’

‘ही हळूहळू बंद करा, मी सांगते तशी. एकदम तोडू नका. वळ जांभळे आहेत ते फिके होत जातील, पांढुरके होतील. वर्ष जाईल, जास्तही. ताज्या वळांवर थोडाफार गुण येणारं एक मलम आहे, पण बाळाला अंगावर पाजताय तोवर ते नको. लेझर आहे, बारीक सुयांचा उपचार आहे. त्यांनी फिके होतात, खडबड कमी होते. पुसून मात्र कशानंच जात नाहीत. कोणी पुसून देतो म्हणालं तर तिथून उठून या.’ मग त्या जरा मऊ झाल्या. ‘हा काही आजार नाही. नाही घालवले तरी चालतं.’

‘माझं काम पोटाचंच आहे, डॉक्टरीणबाई,’ ती म्हणाली.

बसमध्ये पोर मांडीवर झोपली होती आणि मिडियम राग कोणावर काढायचा ते शोधत होती. औषधवाल्यावर काढावा, तर त्याला तिनं कधी विचारलंच नव्हतं. पेटीवर काढावा, तर ती पत्र्याची. राहता राहिली धाकटी जाऊ, जिनं प्रेमानं, हात धुऊन, रोज संध्याकाळी तिचं पोट खराब केलं होतं आणि आता तिच्या जागेवर उभी होती. जावेनं मुद्दाम केलं नव्हतं, हे हिला पक्कं माहीत होतं. मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं, सरळ झिंज्या तरी धरता आल्या असत्या.

घरी तिनं ट्यूबचं नाव काढलं नाही. ‘डॉक्टर काय म्हणाल्या?’ असं जावेनं विचारलं तर ‘फिके होतील’ म्हणाली. खरं सांगायचं तर जावेवर ठपका ठेवल्यासारखं होईल, असं तिनं स्वतःला समजावलं. ते खरंच होतं. पण मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती आणि ती एवढी चांगली नव्हती. ‘नकोच सांगू,’ असं तिथं कोणीतरी म्हणत होतं, ‘लावू दे तिलाही.’

आणि लावायची वेळ आलीच. पुढच्या उन्हाळ्यात धाकट्या जावेला दिवस गेले. पोट दिसायला लागलं तशी ती ओट्यावरून उतरली, मग पोट खाजायला लागलं, आणि एका संध्याकाळी मिडियम भांडी घासून आत आली तर जाऊ पलंगावर पडून पोटाला जादू चोळत होती. ‘ताई, आता तुमची पाळी,’ ती हसून म्हणाली. ‘या, चोळून द्या.’

मिडियम ‘हात ओले आहेत’ म्हणून बाहेर गेली. त्यानंतर चार दिवस तिचे हात ओलेच होते. चार दिवस तिनं ट्यूबचं झाकण उघडल्याचा आवाज ऐकला आणि दुसऱ्या खोलीत पोरीला थोपटत बसली. तिला स्वतःची शिसारी आली. पाचव्या दिवशी ती गेली, जावेच्या हातातून ट्यूब काढून घेतली आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं, इलॅस्टिकसकट, एका दमात बोलून टाकलं. खाज असह्य झाली तर डॉक्टरांकडे चल, मी येते सोबत, हेसुद्धा सांगितलं.

धाकटी जाऊ उठून बसली.

‘म्हणजे तुमचं पोट मी खराब केलं?’

‘तसं नाही गं. तुला कुठं माहीत होतं?’

‘म्हणजे मीच. सरळ म्हणा ना. एवढे महिने पोटात ठेवलंत?’

‘तुला होऊ नये म्हणून सांगतेय.’

‘आता सांगताय? चार दिवस मी लावतेय ते दिसत नव्हतं?’ मिडियम हातातल्या ट्यूबचं झाकण घट्ट करू लागली. ते बघून जावेचा आवाज चढला. ‘मला कळत नाही होय? मी खाजवत बसले, पोटभर ओरखडे उठले, की बाळंतपणानंतर मला ओट्यावर कोण घेईल? म्हणजे तुम्ही चढायला मोकळ्या. घ्या की ओटा. मी कधी मागितला होता?’

आणि ती रडायला लागली. भरल्या पोटाची बाई रडली की घरात सगळ्यांना एकच बाजू दिसते. सासूबाई म्हणाल्या, ‘तिनं तुझी एवढी सेवा केली आणि तू हे पांग फेडलेस?’ दीर उठून बाहेर गेला. नवरा म्हणाला, ‘तुला आत्ताच सुचायचं होतं का हे?’ दुसऱ्या दिवशी जावेनं ट्यूब परत आणली. आणि मिडियमनं तिच्यासाठी डॉक्टरीणबाईंकडे जायला अर्धी रजा मागून ठेवली होती, ती वाया गेली.

धागे कापायच्या टेबलावर तिनं बायकांनाही सांगून पाहिलं. ‘जादूला नावं ठेवू नकोस हो,’ एक म्हातारी म्हणाली, ‘तिच्याशिवाय आम्ही जगणार कशा?’ दुसरी म्हणाली, ‘तुझ्या अंगाला नसेल मानवली. अंग अंग असतं.’ टेबलावर हशा पिकला. पेटीत नवी ट्यूब आली.

धाकटी बाळंत झाली. मुलगा झाला, आणि पोटावर वळही आले, रुंद, जांभळे. दोघी जावा आता एकमेकींशी स्वयंपाकापुरतं बोलत. एकदा कपडे बदलताना जावेचं पोट उघडं पडलं, दोघींची नजरानजर झाली, आणि जावेनं पोट झाकलं. ‘सांगितलं होतं’ असं मिडियम म्हणू शकली असती. म्हणाली नाही. म्हणायची चोरी होती, कारण सांगितलं होतं, पण चार दिवस उशिरा.

इकडे ओटा रिकामा होता. मिडियमची मुलगी दूध सोडून ताटात जेवायला लागली होती, डॉक्टरीणबाईंनी ते दुसरं मलम सुरू केलं होतं, आणि वळ खरोखरच उतरले होते. जांभळे राहिले नव्हते. पांढुरके झाले होते, कातडीही जरा भरली होती. तेवढ्यात मास्तरीणबाईंचा निरोप आला, वर ये. ती कात्री टेबलावर टाकून जिन्यानं पळत गेली.

मास्तरीणबाईंनी तिला ओट्यावर उभं केलं, टेप लावली, आणि तोंडातल्या टाचण्या उशीत खोचल्या.

‘माप जसंच्या तसं,’ त्या म्हणाल्या. ‘वळही बरेच फिके झालेत गं.’

‘मग मी येऊ का, बाई?’

मास्तरीणबाई टेप गुंडाळत राहिल्या. ‘मालक वैतागलेत. म्हणतात, बाई ठेवली की बाळंत होते. पुतळा करून घ्यायचाय, कायमचा. बाजारातले पुतळे बाईच्या अंगाचे नसतातच, म्हणून मीच हट्ट धरला. करायचा तर हिच्याच अंगावरून करा, म्हटलं. दुसऱ्या कोणाच्या नाही.’ त्यांना वाटत होतं की त्या तिला मान देतायत. खरंच देत होत्या.

साचा घ्यायला पुतळेवाल्याची बायको आली. तिनं मिडियमच्या अंगाला तेल लावलं, आधी प्लास्टरचा पातळ लगदा फासला, मग ओल्या पट्ट्या बसवल्या आणि म्हणाली, ‘हलायचं नाही, खोल श्वास घ्यायचा नाही.’ मिडियमला न हलण्याची सवय होती. लगदा गार होता, मग गरम झाला, मग घट्ट झाला, आणि कवच सुटून निघालं.

पुतळा तयार झाल्यावर मूळ मापाशी ताडून बघायला मास्तरीणबाईंनी तिलाच पाठवलं. पुतळेवाल्याच्या शेडमध्ये भिंतीला हात, डोकी, पाय टेकवून ठेवले होते. मधल्या टेबलावर मिडियम आडवी होती, मानेपासून गुडघ्यापर्यंत, पांढरी. पुतळेवाला तिच्या पोटावर सँडपेपर घासत होता. पांढरा भुगा जमिनीवर पडत होता.

‘जरा थांबा, होतंच आलंय,’ तो म्हणाला. ‘लगदा फार बारीक होता, साच्यात सगळ्या रेघा उतरल्या. पुतळ्याला काय करायच्यात?’ त्यानं भुगा फुंकला, फडक्यानं पोट पुसलं आणि बाजूला झाला. ‘बघा.’

तिनं हात फिरवला. बेंबीपासून जांघेपर्यंत, मग दोन्ही कुशींवर. गुळगुळीत होतं.

पुतळेवाला हात झटकत होता. वाईट माणूस नव्हता. नुसतं बोलायला म्हणून त्यानं विचारलं, ‘काय झालं होतं हो तुमच्या पोटाला? भाजलं होतं का?’

‘नाही,’ ती म्हणाली. ‘मुलगी झाली होती.’

मग तिनं टेप काढली आणि कंबर मोजली. माप बरोबर होतं, तसं तिनं त्याला सांगितलं.